गावात हवामान निरीक्षक आणि हॅम रेडिओचा गट उभा करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आगरवाडी:

नमस्कार मंडळी.

मी आंजर्ल्याची, तालुका दापोली. शाळेत विज्ञान शिकवते. पावसाळा तोंडावर आलाय आणि यंदा एक काम मार्गी लावायचंच असं गावातल्या काही जणांनी मिळून ठरवलंय. त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आमच्यापासून ते सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. पोफळी मोडल्या, माड गेले, कौलं उडाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. वीज नाही, मोबाइल नाही. आमच्या वाडीत एक बाई दिवस भरलेली, खालच्या वाडीत एका आजोबांच्या डोक्यावर वासा पडलेला, आणि या वाडीचं त्या वाडीला काही कळायला मार्ग नाही. शेवटी दोन मुलगे कोयते घेऊन आडव्या झाडांतून वाट काढत दापोलीला गेले, तेव्हा कुठे तिथे समजलं की आमच्याकडे माणसं अडकली आहेत.

माझे सासरे त्या दिवशी पडवीत बसून वहीत टिपणं करत होते. त्यांना सवयच आहे. वहीत आहे ते असं: सकाळी वारा उगवतीकडून, जरा दक्षिणेकडे कललेला. दुपार व्हायच्या आत सरळ दक्षिणेचा, सगळ्यात जोराचा तेव्हा. जेवणवेळ टळल्यावर समुद्रावरून, आणि खाडीचं पाणी ओहोटी असूनही उतरेना.

तर माझे प्रश्न. अमेरिकेत म्हणे साधी माणसं प्रशिक्षण घेऊन वादळाची खबर हवामान खात्याला कळवतात, आणि त्यासाठी हॅम रेडिओ (परवाना काढून हौसेने चालवायचा बिनतारी संच) वापरतात. तसं आपल्याकडे करता येईल का? परवाना कसा मिळतो? ऑनलाइन दीड-दोन हजारांत वॉकीटॉकीचे जोड दिसतात, ते घेतले तर चालतील का? आणि मुख्य म्हणजे कळवायचं काय, आणि कोणाला?

---

खलाशी_हर्णै:

ताई, प्रयत्न चांगला आहे, पण आम्हाला बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की कळतं. बोटीवर व्हीएचएफ (सागरी बिनतारी संच) आहे, सोळा नंबरच्या चॅनलवर सगळे ऐकत असतात. गावात व्हॉट्सॲपचे चार ग्रुप आहेत. त्यात आणखी रेडिओ कशाला? २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा समुद्रात असलेल्यांना वेळेवर खबर मिळाली नाही, ते दुखणं वेगळं. हल्ली चार-चार दिवस आधी इशारा येतो.

---

सावित्रीकाठ:

आगरवाडीताई, सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा.

मी महाडचा. हॅमचा परवाना काढून बरीच वर्षं झाली. पावसाळ्यात आमच्याकडे सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्यांवर डोळा ठेवावा लागतो, त्यामुळे या विषयाशी माझा संबंध हौशीपुरता उरलेला नाही.

आधी तुमच्या सासऱ्यांच्या वहीकडे येतो. माझ्या मते अख्ख्या धाग्यातली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे. एक जुना नियम आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, उत्तर गोलार्धात वादळाचं केंद्र डाव्या हाताला येतं. जमिनीवर डोंगरांमुळे वारा थोडा वळतो, म्हणून अंशाच्या हिशेबात जाऊ नका, पण ढोबळ दिशा बरोबर मिळते. आता त्यांची टिपणं लावून बघा. सकाळी वारा पूर्व-आग्नेयेकडून, म्हणजे केंद्र नैऋत्येला, दूर समुद्रात. दुपार व्हायच्या आत वारा दक्षिणेचा, म्हणजे केंद्र तुमच्या बरोबर पश्चिमेला. नंतर समुद्रावरून, म्हणजे केंद्र तुम्हाला ओलांडून उत्तरेकडे गेलं. पडवीतल्या माणसाने कुठलंही यंत्र हातात नसताना वादळाचा मार्ग टिपला आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मुंबईत कुलाब्याला रडार आहे, वर उपग्रह आहेत, तेव्हा मार्ग खात्याला माहीत होताच. पण 'आंजर्ल्यात वारा फिरला, आता समुद्राकडून येतोय, ओहोटीची वेळ असूनही खाडी उतरत नाही' हे दापोलीच्या नियंत्रण कक्षात त्या घटकेला कोणालाच माहीत नव्हतं. खाडीलगतची घरं रिकामी करायची की नाही हे अशाच वाक्यावर ठरतं.

रडारचं गणित सांगतो, म्हणजे माणसाच्या डोळ्याची गरज कुठे लागते ते लक्षात येईल. कुलाब्यापासून आंजर्लं हवाई अंतराने सुमारे १२० किलोमीटर. रडारचा सगळ्यात खालचा झोत साधारण अर्धा अंश वर उचललेला असतो, शिवाय पृथ्वी गोल. त्यामुळे तुमच्या गावावर येईपर्यंत तो झोत जमिनीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंचीवरून जातो. पणजीचं रडार तर तुमच्यापासून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे ढगाच्या पोटात काय आहे ते रडारला दिसतं, पण तुमच्या अंगणात किती पाणी पडलं, पऱ्याला (ओढ्याला) लोंढा आला का, वाऱ्याने काय मोडलं, हे दिसत नाही. हर्णैला हवामान खात्याची वेधशाळा आहे, दापोलीत कृषी विद्यापीठाची नोंद होते, महावेध या राज्याच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. तरीही दोन केंद्रांच्या मधल्या प्रत्येक वाडीवर काय कोसळतंय ते तिथल्या माणसालाच माहीत असतं. २०१४ च्या ३० जुलैला माळीण गाव डोंगराखाली गेलं. ते पहिल्यांदा लक्षात आलं एसटीच्या चालकाच्या. नेहमीच्या फेरीवर आला आणि बघतो तर गाव जागेवर नाही. त्याच्याकडे ना यंत्र होतं ना प्रशिक्षण. तो रोजचा रस्ता ओळखणारा माणूस होता. मला निरीक्षक म्हणून असेच लोक हवे आहेत: रोज एकाच वाटेने जाणारे. पोस्टमन, दूधवाला, आशाताई, बोटीवरचा तांडेल (बोटीचा म्होरक्या).

आता काय कळवायचं. चार गोष्टी ठरलेल्या: काय दिसलं, नेमकं कुठे, किती वाजता, आणि मोजलं की अंदाजाने सांगताय. 'प्रचंड पाऊस', 'भयंकर वारा', 'ढगफुटी' असलं काही कळवायचं नाही. आकडा सांगायचा.

पावसासाठी सरळ भिंतींचं भांडं पुरतं, वर-खाली सारख्याच व्यासाचं. उघड्यावर ठेवा. शेजारी झाड किंवा घर असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. मिलिमीटरची पट्टी लावा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून रोजची नोंद त्याच वेळी. २४ तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. पण आपल्या कामाला दर तासाचा आकडा जास्त उपयोगी. कोकणात दिवसाला २०० मिमी पचवणारी गावं आहेत. तेच २०० तीन तासांत पडले तर वहाळाकाठची घरं जातात.

वारा मोजायचं यंत्र नसेल तर झाडं आणि छपरं बघा. ब्यूफोर्ट नावाची जुनी श्रेणी आहे, दर्यावर्दी लोकांची. आख्खी झाडं हलायला लागली आणि वाऱ्यासमोर चालणं जड जायला लागलं की साधारण ५० ते ६० किमी ताशी. डहाळ्या मोडून पडू लागल्या की ६२ ते ७४. कौलं सुटायला लागली की ७५ ते ८८. झाडं मुळासकट उपटली की ८९ च्या पुढे, आणि खातं ज्याला तीव्र चक्रीवादळ म्हणतं त्याची सुरुवातही ८९ पासूनच. माड लवचीक असतो, तो वाकतो आणि उभा राहतो, म्हणून माडावरून अंदाज करू नका. आंबा, फणस आणि कौलं बघा.

दरडीसाठी वेगळं लिहितो, कारण आमच्या तालुक्याने २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेलेलं पाहिलं आहे. त्याच दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला, चिपळूणला वाशिष्ठी नदी शिरली आणि आमची पेठ पाण्याखाली गेली. डोंगर सरकण्याआधी खुणा देतो, नेहमी देतो असं नाही, पण देतो. पऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, किंवा भर पावसात त्याची धार अचानक कमी होते (वर कुठेतरी माती आडवी आली असा त्याचा अर्थ). जिथे कधी झरा नव्हता तिथे पाणी फुटतं. गडग्याला, अंगणाला नवी भेग पडते. खांब आणि झाडं तिरकी होतात. यातलं काही दिसलं तर आधी माणसं बाहेर काढा. खबर त्यानंतर.

कोणाला कळवायचं? हा भाग लोक शेवटी ठेवतात, मी म्हणतो इथूनच सुरुवात करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. तो सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. पण वादळाच्या दिवशी अनोळखी आवाजाची खबर शंभर खबरांत बुडते. त्यामुळे आत्ता, कोरड्या दिवसांत, पाच जण मिळून तहसील कार्यालयात जा. आपत्ती व्यवस्थापन बघणाऱ्या माणसाला भेटा, नावांची यादी द्या, कोण कुठल्या वाडीत राहतो ते नकाशावर दाखवा. तुमच्या नोंदीचा कागद त्यांना दाखवून विचारा की यातलं तुम्हाला काय उपयोगी आहे. जिल्ह्यात आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली मुलं असतील, त्यांना बरोबर घ्या. हर्णैच्या वेधशाळेत शाळेची सहल न्या. आणि सलग महिनाभर, पाऊस असो नसो, रोज एकच ओळ त्यांना पाठवत राहा. संकटाच्या दिवशी तुमच्या शब्दाला जे वजन येईल ते या कंटाळवाण्या महिन्याने दिलेलं असेल.

खलाशीभाऊ, तुमच्या मुद्द्याचं उत्तर. व्हॉट्सॲप चालू आहे तोवर तेच वापरायचं, त्याहून सोपं काही नाही. ते बंद पडल्यावर काय, एवढाच प्रश्न आहे. निसर्गमध्ये टॉवर पडले, विजेविना बंद झाले, किनाऱ्यावरच्या कित्येक गावांना कितीतरी दिवस फोन नव्हता. बोटीवरचा व्हीएचएफ सागरी वाहतुकीचा आहे, त्याच्या लहरी वेगळ्या, नियम वेगळे. हॅमवाल्याला त्यावर बोलता येत नाही आणि तुम्हाला हॅमच्या लहरींवर. पण हर्णै बंदरात एखाद्या माणसाकडे दोन्ही असतील, एका कानाला बोटी आणि दुसऱ्या कानाला गावं, तर त्या माणसाला सोन्याने मढवला पाहिजे. आणि चार दिवस आधीचा इशारा म्हणता, तो जिल्ह्यासाठी असतो. आपलं काम इशाऱ्यानंतर सुरू होतं.

रेडिओचा भाग पुढच्या प्रतिसादात लिहितो, विजेचा काही भरवसा नाही.

---

प्लेनोवाली:

आगरवाडीताई, तुम्ही अमेरिकेचं विचारलंत म्हणून लिहिते. मी टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहते. इथल्या राष्ट्रीय हवामान सेवेचा 'स्कायवॉर्न' नावाचा कार्यक्रम आहे. ते प्रशिक्षण मी घेतलंय. फुकट असतं, दोनेक तासांचा वर्ग, कोणीही जाऊन बसावं. आमच्याकडे फोर्ट वर्थचं कार्यालय हे वर्ग वसंतातल्या वादळांच्या आधी घेतं. नवऱ्याने हॅमचा परवानाही काढला.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ गेला तो फसवे ढग ओळखण्यात. वादळाच्या पुढे पडद्यासारखा लांबच लांब काळा ढग येतो, तो दिसायला महाभयंकर, पण त्यात साधा सोसाट्याचा वारा असतो. खरा धोका मागच्या बाजूला, पाऊस नसलेल्या भागात ढगाचा जो तुकडा खाली उतरतो आणि स्वतःभोवती फिरतो, त्याच्यात. फिरतोय की नुसता वाहतोय हे कळायला एका जागी उभं राहून मिनिटभर बघावं लागतं. घाबरलेला माणूस मिनिटभर बघत नाही, म्हणून प्रशिक्षण.

गारांचंही तसंच. 'मोठ्या गारा' असं कळवलं तर विचारतात, कशाएवढ्या? इथल्या पाव डॉलरच्या नाण्याएवढी म्हणजे एक इंच, तिथून पुढे ते तीव्र वादळ धरतात. वाऱ्यासाठी मर्यादा ताशी ५८ मैल, म्हणजे ९३ किलोमीटर. मराठवाड्यात, विदर्भात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने जे झालं ते आठवतं ना, तिकडे गारांचा आकार आणि वेळ टिपणारी माणसं गावोगाव हवीत असं मला फार वाटतं. भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सामान्य लोकांना पाऊस, गारा, वादळी वारा यांची नोंद पाठवता येते, ते लोकांना माहीतच नाही.

२०१५ च्या २६ डिसेंबरला रात्री गार्लंड-रॉलेटमध्ये टोर्नेडो (ढगातून जमिनीला टेकणारी प्रचंड वावटळ) आला, आमच्यापासून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. आम्ही कपड्यांच्या खोलीत मुलांना हेल्मेट घालून बसलो होतो आणि नवऱ्याच्या हातातल्या संचावर माणसं एकामागून एक बोलत होती. मला आजही त्यांच्या आवाजातला संथपणा आठवतो. 'मी अमुक रस्त्यावर, तोंड नैऋत्येला, विजेच्या तारा तुटल्याचे निळे झोत दिसतायत, वेळ अमुक.' बस. मग दुसरा. कोणी कोणाला तोडत नव्हतं, मधे एक जण सगळ्यांना क्रमाने बोलावत होता. अंधारात टोर्नेडो दिसत नाही, ते झोतच सांगतात.

आणि एक पोटतिडकीने सांगते. २०१३ च्या ३१ मेला ओक्लाहोमात एल रिनोला जो टोर्नेडो झाला तो जवळजवळ सव्वाचार किलोमीटर रुंद होता आणि त्याने एकाएकी वाट बदलली. त्यात टिम समारस यांच्यासारखे आयुष्यभर वादळांचा अभ्यास केलेले लोक गेले. निरीक्षकाने वादळाच्या मागे धावायचं नसतं. स्वतःच्या घरातून, ओसरीतून, सुरक्षित जागेवरून जे दिसेल तेच. तुमच्या गटात उत्साही मुलं असतील, त्यांच्या आईवडलांसमोर हे पहिल्या दिवशी सांगा.

---

आगरवाडी:

सावित्रीकाठ काका, सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी वही काढली आणि फयानचं पान उघडलं, तेही आहे!

प्लेनोवाली ताई, तुम्ही लिहिलेला संथ आवाज डोक्यात बसलाय. शाळेत मुलांकडून तसा सराव करून घेईन.

दोन शंका. कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावरून सुवर्णदुर्गापर्यंत समुद्र दिसतो. तिथे वादळात पाळीपाळीने कोणी बसावं असा आमच्या मुलांचा विचार आहे. आणि काका, रेडिओचं लिहा ना. यंदाच्या पावसाळ्याआधी परवाना होईल का?

---

सावित्रीकाठ:

डोंगरावर वादळात कोणीही बसणार नाही. यावर चर्चा नको. आदल्या दिवशी जा, समुद्राला किती लांबून मोठ्या लाटा येतायत ते बघा, ढगांची दिशा बघा, नोंद करा आणि खाली या. इशारा लागू झाल्यावर डोंगर, किनारा, खाडीचा पूल, सगळं वर्ज्य. आणखी एक, वारा अचानक थांबून आकाश उजळलं तर वादळ गेलं असं समजून बाहेर पडू नका. केंद्र डोक्यावर आलेलं असू शकतं, आणि मग उलट्या दिशेने तितकाच वारा येतो. पहिल्या वाऱ्यात अर्धवट सुटलेलं छप्पर दुसऱ्यात पडतं.

आता रेडिओ.

यंदा परवाना होणार नाही. आत्ताच सांगतो, म्हणजे त्यावर विसंबून राहू नका. दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' संकेतस्थळावर अर्ज, मग परीक्षा, मग कागदपत्रं, मग कॉल साइन (रेडिओवरचं तुमचं ओळखनाव), यात महिने जातात. परीक्षा दोन विषयांची: रेडिओचं तंत्र आणि नियम. वय १२ पूर्ण हवं, म्हणजे तुमच्या सातवी-आठवीच्या मुलांनाही देता येते. खालच्या श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. ती पास झालेल्यांची कॉल साइन व्हीयू३ ने सुरू होते, वरच्या श्रेणीची व्हीयू२ ने. अभ्यास अवघड नाही, दहावीचं विज्ञान येणाऱ्याला तीन-चार महिने रोज अर्धा तास पुरे. गटातल्या निदान तिघांनी द्या, कारण एकटा परवानाधारक नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त जोड: परवाना नसताना त्यांवर बोलणं गुन्हा आहे, आणि पोलिसांच्या किंवा इतरांच्या लहरींवर चुकून गेलात तर बचावकार्यातच अडथळा. घेऊ नका. ४४६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अर्ध्या वॉटच्या छोट्या संचांना मात्र परवाना लागत नाही. दूरसंचार खात्याची मंजुरी असलेलाच संच बघून घ्या. डोंगर मधे आला की ते थांबतात, उघड्यावर किलोमीटरभर धरा. वाडी ते वाडी निरोपाला यंदा एवढं पुरेल. निसर्गनंतर त्या आजोबांची खबर वरच्या वाडीला पोचायला एवढाच संच लागला असता.

पुढच्या वर्षी परवाने हातात आले की दोन प्रकारची यंत्रं. एक हातातला संच, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. दिसेल तिथपर्यंत छान बोलतो, सह्याद्रीच्या पलीकडे नाही. दुसरा मोठा, ७ मेगाहर्ट्झचा, ज्याला आम्ही लहरीच्या लांबीवरून ४० मीटर म्हणतो. कोकणाला खरा आधार त्याचा आहे. लोक समजतात की अँटेना जितकी उंच तितकी चांगली. परदेशाशी बोलायला ते खरं. जिल्ह्याशी आणि पुण्या-मुंबईशी बोलायचं तर उलट करायचं. साधारण २० मीटर तार मधोमध कापून तिथे केबल जोडायची, आणि ती तार जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवरच बांधायची. लहरी सरळ वर जातात, आयनावरणावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आपटतात आणि छत्रीसारख्या आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर खाली येतात. मधे घाट असला तरी फरक पडत नाही. दिवसा हे उत्तम चालतं, रात्री बऱ्याचदा ८० मीटरच्या लहरींवर उतरावं लागतं. वादळात पडेल अशी उंच काठी लागत नाही, आणि पडलीच तर तुमच्याकडे तार आणि दोन पोफळीचे सोट असले की अर्ध्या तासात परत उभी. वीजा कडाडत असताना मात्र अँटेनाची केबल यंत्रातून काढून खिडकीबाहेर टाका. त्या वेळी कोणताही निरोप तुमच्या जिवापेक्षा मोठा नाही.

बॅटरी गाडीची, १२ व्होल्टची. ऐकायला यंत्र एखादा अँपिअर खातं, शंभर वॉटने बोलताना वीसच्या आसपास. म्हणून कमी बोला, थोडक्यात बोला, शक्ती कमी ठेवा. छोटं सौर पॅनेल असेल तर बरं, पण जूनच्या ढगात त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

हे सगळं खरंच चालतं का, असं कोणी तुम्हाला ग्रामसभेत विचारेल. त्यांना अंदमान सांगा. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्या एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला, तेव्हा त्यांनी हौसेसाठी नेलेली यंत्रं निरोपांच्या कामाला लावली. बेटांवर अडकलेली माणसं सुखरूप आहेत की नाहीत हे घरच्यांना त्यातून कळलं.

आमच्याकडचं सांगतो. २०२१ च्या पुरात मी एका मित्राच्या गच्चीवर तार बांधून ४० मीटरवर बसलो होतो. पुण्याचा एक हॅम मला ऐकत होता. त्याच्याकडे फोन चालू होता. माझ्याकडे खाली गल्लीतून माणसं चिठ्ठ्या देत होती, मी वाचत होतो, तो लिहून घेत होता आणि पुढे फोन करत होता. एक चिठ्ठी डायलिसिसच्या रुग्णाची होती. नाव, गल्ली, कितवा मजला, शेवटचं डायलिसिस कधी झालं, एवढं चार ओळींत. दुसरी चिठ्ठी होती 'आमच्याकडे कोणीतरी या, फार हाल आहेत'. पहिल्या चिठ्ठीवर होडी गेली. दुसऱ्या चिठ्ठीवर कुठे जायचं हेच कोणाला समजेना, ती लिहिणारा गर्दीत निघून गेला होता. म्हणून मी निरोपाच्या शिस्तीबद्दल एवढा हट्टी आहे. शाळेत मुलांकडून सराव घेणार आहात ना, तर चिठ्ठी लिहिण्याचाच घ्या. नाव, ठिकाण, वेळ, काय झालं, काय हवं. पंचवीस शब्दांत. मग ती मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने ऐकून लिहायची. दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासायचे. हा खेळ मुलांना फार आवडतो आणि त्याला परवाना लागत नाही.

गटात एक जण सूत्रधार ठरवा. बोलायची पाळी तो देतो, बाकीचे त्याच्या परवानगीशिवाय बोलत नाहीत. आवाज मोठा असलेला माणूस नको, ऐकून घेणारा हवा. माझं मत विचाराल तर तुमचे सासरे. वही त्यांच्याकडेच राहू दे, आणि शेजारी आठवीतली दोन मुलं बसवा, म्हणजे त्यांची नजर पुढे शिकवली जाईल.

---

खलाशी_हर्णै:

काका, पटलं. दोन्ही कानांचा माणूस बघतो. आमच्या संस्थेत एक तांडेल आहे, आता बोटीवर जात नाही, पण बंदरावरचा व्हीएचएफ दिवसभर लावून असतो. वाचायला येतं, अक्षर चांगलं आहे. परीक्षेचं पुस्तक मराठीत मिळेल का?

---

सावित्रीकाठ:

मी माझ्या टिपणांची मराठीत झेरॉक्स करून ठेवली आहे, परीक्षा देणाऱ्या पोरांसाठीच. प्रश्न इंग्रजीत येतात, म्हणून शब्द दोन्हीकडून लिहिले आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, एसटीच्या पार्सलने दापोलीला पाठवतो. आगरवाडीताई, तुमच्यासाठीही एक प्रत टाकतो. तहसीलला कधी जाताय ते लिहा, मी येऊ शकलो तर येईन.

---

आगरवाडी:

सोमवारी जातोय काका, सकाळी साडेदहाला. यादीत सध्या नऊ जण आहेत, पोस्टमनदादा आणि दोन्ही आशाताई धरून. पावसाचं भांडं शाळेच्या मैदानात आजच ठेवलं, झाडापासून अंतर मोजून.